पिंपरी पेंढार ते सरगॅसो समुद्र

मागच्या महिन्यात एका शनिवार-रविवारी गावी गेलो होतो. गाव म्हणजे पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर. कल्याणहून माळशेज घाट चढून आलात की ओतूर लागतं, आणि पुढे आळेफाट्याच्या अलीकडे आमचं गाव. हल्ली लोकांना ते बिबट्याच्या बातम्यांमुळे ठाऊक असतं. संध्याकाळी उसाच्या बाजूला कोणी एकटं फिरकत नाही, त्यामुळे सातनंतर सगळं गाव घरात. म्हणजे बसून काम करायला एकदम आदर्श जागा, फक्त लाईट असली पाहिजे!

माझी धाकटी चुलत बहीण बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी एका ऑनलाईन हॅकेथॉनमध्ये नाव घातलं होतं. विषय होता : समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या जीनोमचा अभ्यास नवशिक्यांना शिकवण्यासाठी साहित्य तयार करा. वेळ ४८ तास. मी हाताशी सापडलेला कॉम्प्युटरवाला, त्यामुळे मला आपसूकच हमाल म्हणून नेमण्यात आलं. काकू म्हणाली, "समुद्राचं काय शिकवणार गं तुम्ही? आपल्याकडं समुद्र म्हणजे बाजारातली सुकट."

पहिल्या रात्री अकराच्या सुमारास धाकटी वैतागून म्हणाली, "दादा, हा सगळा डेटा फुकट आहे ना? कोणीही घ्या म्हणतात. मग मला का घेता येत नाहीये?"

मी नेहमीच्या सवयीने नेटवर्कला शिव्या घालणार होतो. पण फाईल उतरली होती. अडचण पुढची होती. फाईल उघडली की ए, सी, जी, टी या चार अक्षरांची पानंच्या पानं. त्याचं करायचं काय, हे समजावणारं जे काही सापडत होतं ते अशा माणसासाठी लिहिलेलं, ज्याला आधीच निम्मं येतंय.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. पुण्याला परत आल्यावर मात्र तो डोक्यातून जाईना. म्हणून गेले तीन-चार वीकएंड वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

सुरुवात 'हॅकेथॉन' या शब्दापासूनच करू. आपल्या कंपन्यांमध्ये हॅकेथॉन म्हणजे पिझ्झा, टी-शर्ट आणि सोमवारी विसरला जाणारा डेमो. पण शब्दाचा जन्म तसा गंभीर आहे. जून १९९९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे दहा प्रोग्रॅमर कॅनडात कॅल्गरीला जमले. कॅनडातच का? तर तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने गुप्तलेखनाचं, म्हणजे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर देशाबाहेर पाठवण्यावर कडक बंधनं होती. अमेरिकेत लिहिलं असतं तर जगाला मोकळेपणी देता आलं नसतं. म्हणजे पहिली हॅकेथॉन भरली ती 'जे लिहू ते सगळ्यांना मिळालं पाहिजे' या हट्टापायी. बक्षीसबिक्षीस काही नव्हतं. जीवशास्त्रवाल्यांनी हा प्रकार लगेच उचलला. २००२ मध्ये बायोइन्फर्मॅटिक्सचे प्रोग्रॅमर असेच एकत्र बसले, आणि २००८ पासून जपानमध्ये दरवर्षी बायोहॅकेथॉन भरू लागली.

पण खरं सांगू? अनोळखी माणसांनी समुद्राचा ढीगभर डेटा वाटून घेऊन निस्तरायचा, हे काम आपल्याकडे त्याच्याही चाळीस वर्षं आधी झालंय. आणि तेही कॉम्प्युटरशिवाय.

१९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तोवर अटलांटिक आणि पॅसिफिकच्या मानाने हिंदी महासागराकडे शास्त्रज्ञांचं दुर्लक्षच होतं. वेगवेगळ्या देशांची मिळून चाळीसहून अधिक जहाजं या मोहिमेत उतरली. आता आयटीवाल्यांनी इथे लक्ष द्यावं. प्रत्येक जहाजाने आपापल्या पद्धतीने प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव गोळा केले असते तर शेवटी तुलना कशाची कशाशी करायची? म्हणून एक प्रमाणित जाळं ठरवलं गेलं. तोंड एक चौरस मीटरचं, आणि ते २०० मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत उभं ओढायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर, आधी फॉरमॅट ठरवला आणि मग डेटा गोळा केला. (हे इतकं साधं शहाणपण आमच्या प्रोजेक्टमध्ये अजून आलेलं नाही. असो.)

हे नमुने आले कोचीला. तिथे युनेस्कोच्या मदतीने इंडियन ओशन बायॉलॉजिकल सेंटर सुरू झालं होतं. जवळपास दोन हजार बाटल्या. प्रत्येकीत हजारो जीव. कोणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं, आणि हा कोपेपॉड, हे कोळंबीच्या जातीतलं पिल्लू, ही माशाची अळी असं एकेक वेगळं काढायचं. हे काम नव्याने शिकवून तयार केलेल्या भारतीय मुलामुलींनी केलं. वेगळे केलेले गट मग जगभरच्या तज्ज्ञांकडे गेले, त्यांनी शोधनिबंध लिहिले, आणि नकाशांचे ग्रंथ निघाले. १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे गोव्याची एनआयओ, स्थापन झाली ती याच मोहिमेच्या पाठबळावर. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. कोचीचं केंद्र पुढे एनआयओत आलं आणि त्या मोहिमेचा नमुन्यांचा साठा आजही तिथेच आहे.

काकूची सुकट इथे पुन्हा भेटते बरं का. आपण सुकट किंवा जवळा म्हणतो तो करंदीसारखा इवलासा जीव समुद्रात थव्याने तरंगत असतो. कोचीतल्या त्या मुलांनी वेगळ्या काढलेल्या जीवांत त्याचेच भाऊबंद असणार. म्हणजे जुन्नर तालुक्याच्या आठवडे बाजारात प्लवक किलोवर विकलं जातं, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नाही.

मात्र एक गोष्ट मला खटकत राहिली. ग्रंथांवर संपादकांची आणि तज्ज्ञांची नावं आहेत. निवडणारे हात त्या मानाने निनावीच राहिले. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एकदम १९९६ मध्ये येऊ. मानवी जीनोमचं काम जोरात चालू होतं. फेब्रुवारीत त्यातली प्रमुख मंडळी अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटावर जमली. प्रश्न होता : वाचून झालेली अक्षरं कधी जाहीर करायची? विज्ञानातला शिरस्ता असा की आधी आपला निबंध छापायचा, मग डेटा दाखवायचा. बर्म्युडात उलटं ठरलं. एक हजार अक्षरांहून मोठा जोडलेला तुकडा तयार झाला की २४ तासांच्या आत तो जगासाठी खुला करायचा. आपण रोज संध्याकाळी कोड चेक-इन करतो ना, तसंच. पण इथे पणाला काय लागलं होतं ते बघा. कोणी आधी पेटंट घेतलं तर आपल्या सगळ्यांच्या शरीरातल्या अक्षरांवर एखाद्या कंपनीचा हक्क लागला असता.

ती भीती काल्पनिक नव्हती. १९९८ मध्ये क्रेग व्हेंटर यांची सेलेरा ही खाजगी कंपनी शर्यतीत उतरली. २००० च्या मे महिन्यात अवस्था अशी, की सरकारी गटाकडे तुकड्यांचा डोंगर होता पण तो जोडणारा प्रोग्रॅम नव्हता. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात जिम केंट नावाचा एक विद्यार्थी कामाला लागला. साधारण चार आठवड्यांत त्याने सुमारे दहा हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. टाईप करून मनगटं इतकी दुखायची की रात्री ती बर्फाने शेकत बसायचा. शंभर पेंटियम थ्री मशीनवर तो प्रोग्रॅम चालला आणि २२ जूनला जोडणी पूर्ण झाली. २६ जूनला व्हाईट हाऊसमध्ये घोषणा झाली आणि ७ जुलैला सगळा मसुदा इंटरनेटवर फुकट ठेवला गेला. एका माणसाची चार आठवड्यांची हॅकेथॉन! ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीतून उठून दोन चकरा मारल्या होत्या.

आणि व्हेंटर? ते पुढे सेलेरातून बाहेर पडले आणि २००३ मध्ये पोचले कुठे, तर परत बर्म्युडालाच! त्या बेटाभोवती सरगॅसो समुद्र आहे. जगातला हा एक समुद्र असा की ज्याला किनारा नाही, चारी बाजूंनी प्रवाहच त्याची हद्द आखतात. पाण्यात अन्नद्रव्यं फार कमी, म्हणून समज असा की इथे जीवसृष्टीही बेताचीच असणार. व्हेंटर यांच्या गटाने एकेका नमुन्याला सुमारे दोनशे लिटर पाणी बारीक गाळण्यांतून गाळलं, गाळण्यांवर जे उरलं त्याचा सगळा डीएनए एकत्रच काढला आणि एकत्रच वाचला.

हे किती येडपट काम आहे ते समजून घ्या. समजा रद्दीवाल्याकडे हजार वेगवेगळ्या पुस्तकांची प्रत्येक प्रत फाडून सातशे-आठशे अक्षरांचे तुकडे केले, सगळे एकाच पोत्यात भरले, आणि तुम्हाला म्हटलं की यातली पुस्तकं परत लावून द्या. काही पुस्तकांच्या शेकडो प्रती आहेत, काहींची एकच. आणि मुखपृष्ठ एकाचंही नाही. पण या पद्धतीचा मोठा फायदा असा की जीव प्रयोगशाळेत वाढवावा लागत नाही. समुद्रातले बहुतेक सूक्ष्मजीव बशीत वाढतच नाहीत. जे वाढत नाहीत ते शंभर वर्षं आपल्याला दिसलेच नव्हते.

२००४ मध्ये निबंध आला. शंभर कोटींहून अधिक अक्षरं, किमान १८०० प्रकारचे जीव आणि १२ लाखांहून जास्त नवी जनुकं. तीही 'ओसाड' समुद्रातून! डेटा खुला झाला. पाठोपाठ व्हेंटर यांची सोर्सरर-२ ही शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, साधारण दर ३२० किलोमीटरला पाणी गाळत. २००७ मध्ये त्यातून साठ लाखांहून अधिक प्रथिनांचा अंदाज बांधला गेला.

इथे पहिली कुरबुर सुरू झाली. आमच्या किनाऱ्याचं पाणी गाळून नेता, त्यातून उद्या औषध निघालं तर आम्हाला काय? काही संघटनांनी याला सरळ जैविक लूट म्हटलं. डेटा सर्वांसाठी खुला आहे, हे उत्तर दिलं गेलं. पण खुल्या डेटाचं सोनं कोण करणार? ज्याच्याकडे मशीन, माणसं आणि शिक्षण आहे तोच. धाकटीचा रात्री अकराचा प्रश्न तो हाच, वीस वर्षांपूर्वीचा!

तुम्ही म्हणाल, भारत तेव्हा काय करत होता? झोपलेला नव्हता. १९८६-८७ मध्येच आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाने देशभर बायोइन्फर्मॅटिक्स केंद्रांचं जाळं उभारायला घेतलं होतं, आणि पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७ पासूनचं. पण ते विद्यापीठांपुरतं. बाकीच्या कॉलेजांतल्या पोरांसाठी दार किलकिलं झालं ते २००८ मध्ये. सीएसआयआरने डॉ. समीर ब्रह्मचारी यांच्या पुढाकाराने 'ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी' सुरू केलं. निशाणा क्षयरोग. श्रीमंत देशांत फारसा उरला नाही म्हणून औषध कंपन्यांना त्यात रस नाही, मग लिनक्ससारखं उघड्यावर सगळ्यांनी मिळून औषध शोधू, ही कल्पना.

त्यातला 'कनेक्ट टू डीकोड' हा उपक्रम म्हणजे, माझ्या मते, आपल्याकडची पहिली मोठी ऑनलाईन जीनोम हॅकेथॉन. २००९ च्या शेवटी सुरू झाली आणि एप्रिल २०१० मध्ये निकाल जाहीर झाला. क्षयाच्या जंतूचा जीनोम १९९८ मध्येच वाचून झाला होता : ४४ लाख अक्षरं, सुमारे चार हजार जनुकं. पण त्यातल्या बऱ्याच जनुकांचं काम काय, ही माहिती हजारो शोधनिबंधांत विखुरलेली. देशभरातल्या शेकडो विद्यार्थ्यांनी जनुकं वाटून घेतली, निबंध वाचले, ठरलेल्या नमुन्यात नोंदी केल्या आणि एकमेकांच्या नोंदी तपासल्या. ऑनलाईन. कोचीच्या बाटल्यांसारखंच, फक्त सूक्ष्मदर्शकाच्या जागी ब्राउझर.

मग घोळ झाला. जाहीर करताना शब्द फार मोठे वापरले गेले. टीकाकारांनी लगेच विचारलं, जीनोम तर १९९८ मध्येच वाचला होता, तुम्ही नवीन काय 'डीकोड' केलंत? आणि तज्ज्ञांनी निबंध तपासण्याआधी पत्रकार परिषद कशाला? प्रश्न रास्त होते. पण त्या गदारोळात खरी मोलाची गोष्ट झाकली गेली, असं मला वाटतं. शेकडो पोरं एक कौशल्य शिकली होती. २०१२ मध्ये त्यातल्या कामावर प्लॉस वन या नियतकालिकात निबंध आला तेव्हा लेखकांच्या यादीत विद्यार्थीही होते. कोचीचे हात निनावी राहिले होते, हे नाही राहिले. पन्नास वर्षांत झालेली ही सुधारणा मला नव्या औषधाइतकीच महत्त्वाची वाटते. पण "आमच्या पोरांना एवढं शिकवून झालं" अशी हेडलाईन कोण छापणार? म्हणून "जगात प्रथमच" छापलं गेलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. एप्रिल २०२० मध्ये कोविडवर जगभरची ऑनलाईन बायोहॅकेथॉन झाली. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये औषधशोधाची हॅकेथॉन सुरू झाली, आणि ऑगस्टमध्ये स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची सॉफ्टवेअरची अंतिम फेरीही घरोघरी लॅपटॉपसमोर बसूनच पार पडली. मार्च २०२१ मध्ये एनआयओचं सिंधु साधना हे जहाज विशाखापट्टणमहून निघालं. साधारण तीन महिन्यांची मोहीम, काम हिंदी महासागरातल्या सूक्ष्मजीवांची जनुकं आणि पाण्यातले अत्यल्प धातू यांचा अभ्यास. म्हणजे १९६० च्या दशकात ज्या समुद्रात जाळं ओढलं त्याच समुद्रात आता गाळणी. २०२३ मध्ये कोचीच्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तारलीचा जीनोम जाहीर केला. १०७ कोटींच्या वर अक्षरं, ४६,३१६ जनुकं. हा नुसता अभ्यासाचा विषय नाही. केरळात २०१२ मध्ये तारली लाखो टनांनी मिळत होती, ती २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. तापत्या पाण्यात ती टिकेल का, हे त्या अक्षरांत शोधायचं आहे. कोणाच्या तरी चुलीचा प्रश्न आहे तो.

आता थोडं विषयांतर करतो, पण ते आमच्या तालुक्याचं आहे, चालवून घ्या.

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण, सोपारा या बंदरांवरचा माल याच घाटाने वर यायचा. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीक वगैरे परदेशी लोकांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. समुद्र आमच्यापासून तेव्हा काही लांब नव्हता! तर नाणेघाटाच्या गुहेत भिंतभर ब्राह्मी लेख आहे, इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा : गायी, घोडे, नाणी, प्रत्येकाचा आकडा लिहून. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी हे अंक.

गुहेला दार नाही, कुलूप नाही. शेकडो वर्षं गुराखी, व्यापारी, बैलवाले पावसात तिथे उभे राहिले असतील. डेटा भिंतीवर उघडा होता. वाचता कोणालाच येत नव्हता, कारण लिपी शिकवणारं कोणी उरलं नव्हतं. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, तरी नाणेघाटाच्या अंकांवरचा पं. भगवानलाल इंद्रजींचा निबंध यायला १८७६ उजाडलं. जुनागढहून मुंबईला आलेला हा माणूस आधी डॉ. भाऊ दाजी लाडांसाठी डोंगरदऱ्या फिरून लेखांचे ठसे घेत असे. म्हणजे निवडणाऱ्या हातांपैकीच एक. फरक इतकाच की त्याला पुढे स्वतःच्या नावाने लिहायला मिळालं.

धाकटीला उत्तर द्यायचं झालं तर ते इथे आहे. बर्म्युडात दार काढून टाकलं, फार मोठं काम केलं. पण दार नसलेल्या गुहेतही माणूस निरक्षर उभा राहू शकतो. समुद्राच्या जीनोमबद्दल नवीन आंतरराष्ट्रीय करारही झालाय. देशांच्या हद्दीबाहेरच्या समुद्राबद्दलचा हा करार जून २०२३ मध्ये मंजूर झाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लागणाऱ्या ६० देशांची मान्यता पुरी झाली. त्यात सागरी जनुकसंपत्तीच्या फायद्याची वाटणी आहे तसा क्षमता वाढवण्याचा, म्हणजे सोप्या भाषेत 'शिकवण्याचा' स्वतंत्र भागही आहे. वाटणीवर वर्षानुवर्षं भांडणं होतील. शिकवायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

तर, त्या ४८ तासांत आम्ही काय केलं?

मराठीत धडा लिहायचा ठरवला. पहिली अडचण शब्दांची. तुकडे जोडून लांब पट्टी करणं याला काय म्हणायचं? मैत्रिणींपैकी एकीने सुचवलं, गोधडी. लगेच पटलं. तुकड्यांच्या कडा जुळल्या की टाका घालायचा. जुळत नसतील तर भोक तसंच ठेवायचं, उगीच ठिगळ लावायचं नाही. मग जनुकाची नोंद, ज्याला ॲनोटेशन म्हणतात ती? धाकटी म्हणाली, "सातबारा." आणि खरंच, काय चपखल आहे बघा! कुठून कुठपर्यंत जमीन, मालक कोण, पीक काय. 'काम अज्ञात' असलेलं जनुक म्हणजे पडीक लिहिलेला गट. आणि एकदा सातबाऱ्यावर चुकीचं नाव चढलं की ते पुढच्या प्रत्येक उताऱ्यावर उतरतं. जनुकांच्या डेटाबेसमध्ये अगदी हेच होतं. एकाने केलेली चुकीची नोंद बघून दुसरा तीच करतो, आणि अशी चूक हुडकून काढणं महाकठीण. हे समजावायला मला इंग्रजीत अर्धं पान लागलं असतं. इथे 'सातबारा' म्हटल्यावर काकासुद्धा मान हलवायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली ती सहाला आली. मोबाईलच्या नेटवर, बॅटरी वाचवत, शेवटच्या वीस मिनिटांत काम पाठवलं. परीक्षकांपैकी एकांनी कॉलवर विचारलं, "छान आहे, पण हे इंग्रजीत का नाही केलंत? जास्त लोकांना उपयोग झाला असता." धाकटी गप्प बसली. मीही. आमचा नंबर आला नाही. जिंकलेलं काम मी नंतर पाहिलं, ते आमच्यापेक्षा नीटनेटकं होतं यात शंका नाही.

कॉल संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "जास्त लोक म्हणजे कोण रे दादा?"

तो धडा तिने तिच्या कॉलेजमधल्या मॅडमना दाखवला. मॅडमनी वीस प्रती काढून वर्गात वाटल्या. मागच्या आठवड्यात धाकटीचा फोन. म्हटलं आता कौतुक ऐकायला मिळणार. तर म्हणाली, "दादा, पहिल्या वर्षाच्या एका मुलीने चूक काढलीय. सरगॅसोत १२ लाख नवे जीव सापडले असं तू लिहिलंयस. जीव नाही, जनुकं. जीव अठराशे."

उघडून बघितलं. बरोबर होतं तिचं. इतके वेळा वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुरुस्त केलं, खाली तारीख टाकली, आणि त्या मुलीला विचारून तिचं नाव धड्यावर चढवलं. यंदा सिंधु साधनाच्या मोहिमेवर दुसरा धडा लिहायचा बेत आहे. ती मुलगीही येते म्हणालीय. लाईटचं मात्र अजून काही खरं नाही, म्हणून या वेळी इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन जाणार आहे. :)